कासरा कुठल्या हातात

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार माझ्या चुलत्याचे आहेत. आम्ही त्यांना तात्या म्हणतो. हे पहिल्याच ओळीत लिहून ठेवतो, कारण पुढे मी सतत चिडलेला दिसेन आणि वाचणाऱ्याला वाटेल की याला कुणाबद्दल काही चांगलं वाटतच नाही.

माझे वडील ट्रकवर ड्रायव्हर होते. महिन्या-दोन महिन्यांनी घरी येत, झोपत आणि परत जात. माझ्या शाळेचं सगळं चौथी शिकलेल्या तात्यांनी पाहिलं. तिसगावच्या हायस्कुलातला एकही पालक मेळावा त्यांनी चुकवला नाही. मास्तर काय बोलतात ते अर्धं कळायचं नाही, पण घरी येऊन मला म्हणायचे, "मास्तर म्हनले गनितात ढिला हाय. व्हय का?" आणि मी गणितात खरंच ढिला असायचो.

बारावीच्या परीक्षेतली गोष्ट. रसायनशास्त्राचा पेपर दुसऱ्या दिवशी होता. आमच्या वस्तीवर विजेवर चालणारी कडबाकुट्टी आहे. तिच्यावर दोन माणसं लागतात. एकानं पेंढी आत सारायची, दुसऱ्यानं बटणापाशी उभं राहायचं. बटणापाशी नेहमी मी असायचो. त्या दिवशी तात्या म्हणाले, "तू बस वाचत, मी करतो." मी बसलो वाचत. एकट्यानं कुट्टी करताना पेंढीबरोबर त्यांचा उजवा हात आत ओढला गेला. मधली तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी राहिली.

दवाखान्यात मी रडत होतो. ते शुद्धीत होते. म्हणाले, "उद्या पेपर हाय न्हवं? मग हितं काय करतोस?"

पेपर दिला. पास झालो. नगरच्या कॉलेजात प्रवेश घ्यायला ते माझ्याबरोबर रांगेत उभे राहिले, आणि खिडकीवरच्या माणसानं पालकाची सही मागितली तेव्हा नव्यानं शिकलेल्या डाव्या हातानं त्यांनी ती केली. इतका वेळ लागला की मागचे लोक कुरकुरले. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. आज एमआयडीसीतल्या एका कंपनीत तयार माल तपासण्याचं काम करतो आणि भिंगारला भाड्यानं राहतो. दुसऱ्याच्या मालातली चूक काढणं हा माझा धंदा आहे. आपली चूक दिसायला मात्र मला चार महिने लागले.

आमची वस्ती डोंगराच्या पायथ्याला आहे. वरच्या अंगाला मुरमाचा चढ चढून गेलं की आमचं वरचं रान. तिथं तात्यांनी स्वतः खड्डे घेऊन लावलेली सीताफळाची बाग आहे आणि एक शेततळं आहे. घरापासून तिथपर्यंतची वाट आमच्याच वाटणीतून जाते. मध्ये दोन बांध, एक ओघळ, आणि मग तो चढ. तात्यांचा डावा गुडघा गेल्यापासून ते पायी चढू शकत नाहीत. ट्रॅक्टरवर जात. एकदा चढावर त्या गुडघ्यामुळं क्लच वेळेवर सोडता आला नाही आणि ट्रॅक्टर मागं घरंगळत लिंबाच्या झाडाला टेकला. लिंब होता म्हणून माणूस वाचला. त्या दिवशी माझ्या चुलतभावानं, म्हणजे तात्यांच्या मुलानं, किल्ली काढली आणि आपल्या करदोड्याला बांधली.

तेव्हापासून तात्या ओट्यावर. वरून कुणीही खाली आलं की ते विचारायचे, "तळ्यात पानी किती हाय?" कुणी म्हणायचं पुष्कळ हाय, कुणी म्हणायचं हाय थोडं. पुष्कळ म्हणजे किती, कुठल्या पायरीपर्यंत, हे कुणी सांगायचं नाही. काकू म्हणायची, बागेतली पाखरं ह्यांच्यापेक्षा सुखी, त्यांना तळं तरी दिसतं.

मी ठरवलं, तात्यांना वर न्यायचं. कंपनीत एकानं मोबाईलवर एक गाडी दाखवली. साइड बाय साइड म्हणतात. जीपपेक्षा बुटकी, रुंद चाकांची, दोन सीट शेजारी-शेजारी, वर लोखंडी नळ्यांचा सांगाडा, मागं माल टाकायला छोटा हौदा. क्लच नाही. खडकातून, चिखलातून, चढावरून जाते. मला वाटलं, ही तर आमच्या चढासाठीच केलीय.

पहिल्या शोरूममध्ये गेलो आणि डोकं फिरलं. भिंतीवर मोठा टीव्ही. त्यावर गॉगल लावलेली मंडळी चिखल उडवत गाडी फिरवत होती, मागं ढणढण गाणं. सेल्समन तिशीचा, टाय लावलेला. मी विचारलं, भरलेल्या हौद्यासह किती चढ चढते? त्यानं स्पीकर दाखवला. मी विचारलं, उतारावर थांबवली तर ब्रेक धरून ठेवतो का? त्यानं छताखालचे रंगीत दिवे लावून दाखवले. इंजिनचा पट्टा तुटला तर सुटे भाग नगरला मिळतील का, यावर तो म्हणाला, "सर, आमच्याकडे लोक एन्जॉय करायला येतात." मी त्याला सांगितलं की आमच्याकडे लोक सीताफळाचे क्रेट खाली आणायला जातात. तो हसला. त्याला वाटलं मी विनोद केला.

या गाडीला सरकारी नंबर मिळत नाही, म्हणजे डांबरी रस्त्यावर ती चालवता येत नाही, हेसुद्धा त्यानं आपणहून सांगितलं नाही. मी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाला, "गावाकडं कोण बघतं, सर?" गावाकडं कोण बघतं! या एका वाक्यावर या जिल्ह्यात किती निकृष्ट माल खपला असेल. पाइप, बियाणं, मोटारी, सगळं याच वाक्यावर. त्या दिवशी बाहेर येऊन मी मोटरसायकलला किक मारली ती इतक्या रागानं की पायताणाचा अंगठा तुटला.

मग मी माझ्या पद्धतीनं काम सुरू केलं. कंपनीत तपासणीचा तक्ता करतो तसा वहीत केला. बांधावरच्या फटीची रुंदी टेपनं मोजून आणली, ती किती गाड्यांना पुरते ते बघितलं. ओघळीतला सगळ्यात उंच दगड मोजला, गाडीचं पोट त्याच्या वर राहील का ते बघितलं. बॅटरीवर चालणारी एक पाहिली. ती रिसॉर्टमध्ये पाहुणे फिरवायला ठीक होती, आमच्या पहिल्याच बांधावर पोट टेकवून बसली असती. सगळ्यांत खालचा गिअर, हौद्याचं वजन, सांगाड्याची जाडी, बसायचा पट्टा, डिझेल की पेट्रोल. चांगला तक्ता होता. एक रकाना सोडून.

रविवारी घरी फोन केला. तात्यांना फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून चुलतभावानं स्पीकर लावला. मी ओरडून ओरडून सगळं सांगितलं. तात्यांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "तिचा कासरा कुठल्या हातात येतो?"

यंत्राच्या गाडीला बैलाचा दोर! चुलतभाऊ खो खो हसला. मीही हसलो. त्यानं ते घरच्या ग्रुपवर टाकलं, आणि पुण्यातल्या, मुंबईतल्या नातेवाइकांनी दिवसभर हसण्याची चिन्हं पाठवली. कुणीतरी बैलाच्या शिंगांना स्टेअरिंग लावलेलं चित्रही पाठवलं. मला आज त्या चित्राचा जितका राग येतो तितका त्या सेल्समनचाही येत नाही, कारण त्या चित्राखाली मी शाबासकीचा अंगठा टाकला होता.

याच काळात नेवाशाकडच्या एका बागायतदाराची जुनी गाडी विकायची आहे असं कळलं. गेलो. डिझेलची, मजबूत, हौदा मोठा, दिवेबिवे काही नाहीत. पण परदेशी बनावटीची, म्हणून स्टेअरिंग डाव्या बाजूला. मी दोन मिनिटांत नको म्हणालो. आपल्या देशात चालक उजवीकडे बसतो, डावीकडचं काय कामाचं? मालक म्हणाले, "समदे हेच म्हनून जात्यात." मी वहीत फुली मारली.

शेवटी दुसऱ्या एका शोरूममधली उजव्या स्टेअरिंगची गाडी नक्की करत आणली, आणि चालवून बघायला तात्यांना घेऊन गेलो. चुलतभाऊ बरोबर होता. शोरूमच्या मागं मातीचा उंचवटा करून ठेवलेला होता. तात्यांनी त्या दिवशी धुतलेला सदरा आणि टोपी घातली होती. गाडीभोवती एक चक्कर मारली, चाकावर थाप मारली, आणि उजव्या बाजूला जाऊन उभे राहिले. डावा पाय उचलून बघितला, उजव्या हातानं सांगाड्याचा खांब धरायला गेले. हात निसटला.

तिथल्या सेल्समननं लगबगीनं त्यांचा दंड धरला. "अंकल, इकडून नाही. तुम्ही पलीकडून. पॅसेंजर सीट एकदम आरामशीर आहे." आणि त्यांना गाडीच्या पुढून वळवून डाव्या बाजूला आणलं. एखादं कपाट वळवावं तसं. तात्यांनी डाव्या हातानं खांब पकडला, उजवा पाय वर ठेवला आणि एका झोकात चढून बसले. कुणाची मदत लागली नाही. मी ते पाहिलं. पाहिलं आणि मनात म्हणालो, बघा, किती सोपं आहे त्यांना चढायला. इतकंच.

चुलतभावानं उंचवट्यावरून दोन फेऱ्या मारल्या. उतरल्यावर मी उत्साहानं विचारलं, "कशी वाटली, तात्या?"

"झ्याक हाय," तात्या म्हणाले. "बाजाराला कोंबडी नेल्यागत नेलं, कोंबडी आनल्यागत आनलं."

चुलतभाऊ हसला. या वेळी मला हसू आलं नाही. मी त्या सेल्समनवर तुटून पडलो. माणसाला हात लावून ढकलायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला, अंकल कुणाला म्हणता, गाडी कोण चालवणार हे तुम्ही कोण ठरवणारे, असं बरंच. व्यवस्थापक बाहेर आला. मी त्यालाही सोडलं नाही. सेल्समन खाली मान घालून उभा होता. खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. आपल्या माणसासाठी भांडतोय असं वाटत होतं.

घरी आलो. तात्या ओट्यावर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. काकूनं चहा आणला. चुलतभाऊ धारा काढायला गोठ्यात गेला. मी अजून त्या सेल्समनला शिव्या घालत होतो.

"त्या मान्साला कशाला झापलंस?" तात्या म्हणाले. "त्यानं एकट्यानं न्हाई वळवलं मला. तू बी हुतास की तिथं."

मी चहाची कपबशी खाली ठेवली.

"मी तुला फोनवर इचारलं हुतं, कासरा कुठल्या हातात येतो. तुमी समदे खिदळलात."

"तात्या, मला वाटलं तुम्ही गंमत..."

"गंमत कशाची त्यात?" त्यांनी दोन्ही हात माझ्यापुढं धरले. डाव्याची मूठ आवळली. उजवा तसाच उघडा, अंगठा आणि करंगळी. मग मला समजावून सांगितलं, लहानपणी पाढे विचारायचे तसं, सावकाश. बैलगाडी हाकताना कासऱ्याला पकड लागते. चाबूक नुसता अडकवला तरी भागतं. बोटं गेल्यावर इतकी वर्षं त्यांनी कासरा डाव्या हातात धरला आणि चाबूक उजव्या तळव्यात अडकवला. या गाडीत मधल्या गिअरच्या दांड्याशी आणि हातब्रेकशी डावा हात गुंतला, की चढावर स्टेअरिंग सांभाळायला उरतो उजवा. म्हणजे कासरा लुळ्या हातात, चाबूक धडक्या हातात. "उलटं हाय," ते म्हणाले. "म्हनून इचारलं. चांगली गाडी हाय, पन माझी न्हाई. तुमी बसवलं तितं बसंन मी. पन मग तिला गाडी म्हनू नका, पालखी म्हना."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग माझ्याकडे आला, सगळाच्या सगळा. चार महिने मी ओघळीतले दगड मोजले, बांध मोजले, आणि ज्या हातानं माझ्या अर्जावर सही केली तो हात मोजला नाही. माझ्या तक्त्यात गाडी कोण चालवणार हा रकानाच नव्हता. मी धरूनच चाललो होतो की तात्या शेजारी बसणार. चालवणार मी, किंवा चुलतभाऊ, म्हणजे ज्याला वेळ असेल तेव्हा. म्हणजे कधीच नाही. मी त्यांच्यासाठी फक्त थोडा उंच ओटा विकत घ्यायला निघालो होतो.

आणि मग ते आठवलं. डाव्या बाजूनं ते एका झोकात चढले होते. चांगला पाय आधी वर, चांगला हात खांबाला. कुणाची मदत न घेता ते ज्या जागी चढून बसू शकत होते, तिथं स्टेअरिंग असलेली एक गाडी नेवाशाकडच्या शेडमध्ये उभी होती. तिच्यावर मी फुली मारली होती.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून तिकडे गेलो. गाडी होती अजून. सगळे डावीकडचं स्टेअरिंग बघून परत गेले होते म्हणून होती. मी खिशातला रुमाल काढला, उजव्या हाताची मधली तीन बोटं मिटून त्यावर घट्ट बांधला आणि गाडीत बसलो. मालक जवळ आले. "हाताला लागलं काय?"

"नाही," मी म्हणालो. "दुसऱ्याचा हात लावून बघतोय."

त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. उसाच्या कडेच्या पाण्याच्या चारीवरून, त्यांच्या शेततळ्याच्या भरावावर, दोनदा वर, दोनदा खाली. चढावर मधोमध थांबवली. डावा हात स्टेअरिंगवर ठेवून उजव्या तळव्यानं हातब्रेक ओढला, सोडला. दांडा तळव्यानं ढकलला. जमलं. मागं घरंगळली नाही. तिसऱ्यांदा वर चढलो तेव्हा डोळे भरून आले आणि त्याचाही रागच आला, कारण समोरचं दिसेना.

व्यवहार ठरवून घरी सांगितल्यावर चुलतभाऊ भडकला. तो म्हणाला, ट्रॅक्टर घरंगळला तेव्हा तू कुठं होतास? मी म्हणालो, म्हणून माणसाला बांधून ठेवायचं का? शब्दाला शब्द वाढला. काकू मध्ये पडली नाही, ज्वारी निवडत बसली. शेवटी तो म्हणाला, "दादा, तू शिकलेला हायस. तू रविवारी येनार, फोटू काढनार, भिंगारला जानार. सोमवारी ते उताराला पडलं तर उचलायला मी हाय."

तो खोटं बोलत नव्हता. मी इतकंच सांगितलं की पट्टा लावल्याशिवाय आणि खालच्या गिअरशिवाय तात्या चढावर जाणार नाहीत, हा माझा शब्द. तो म्हणाला, शब्द राहू दे, किल्ली माझ्याकडं राहील. मी म्हणालो, नाही. आणि तसाच उठून आलो, चहा न घेता, जे आमच्याकडे भांडणापेक्षा वाईट समजतात.

चार दिवसांनी शेजारणीच्या मोबाईलवरून काकूचा फोन आला. चुलतभावानं ओघळीत दोन खेपा मुरूम टाकून घेतला होता आणि वरच्या वळणाला दगड लावले होते. कुणाला काही न बोलता. किल्लीचं मात्र तो बोलला नाही, मीही विचारलं नाही.

तात्यांना फोनवर ऐकू येत नाही, आणि घरातला फोन चुलतभावाच्या खिशात असतो. मला जे सांगायचं होतं ते त्याच्या स्पीकरवरून ओरडायचं नव्हतं. म्हणून पोस्टातून आंतरदेशीय पत्र आणलं. तात्यांना वाचता यावं म्हणून मोठ्या अक्षरात लिहिलं.

*तीर्थरूप तात्या,*

*रविवारी गाडी येते. तिला डांबरी रस्त्यावर चालवायला परवानगी नाही, म्हणून टेम्पोत घालून आणतोय. दहापर्यंत पोचेल. जुनी आहे. रंग उडालाय, इंजिन चांगलं आहे. स्पीकर नाही.*

*कासरा डाव्या हातात येतो.*

*चढायचं डाव्या बाजूनं. उजवा पाय आधी वर ठेवा. खांब तुमच्या डाव्या हाताला येतो. चाबूक, म्हणजे दांडा आणि हातब्रेक, उजव्या तळव्याशी आहे. बोटं लागत नाहीत. मी बोटं बांधून चालवून बघितली आहे. डाव्या पायाला काही काम नाही, तो नुसता ठेवून द्या. बसल्यावर पट्टा लावायचा, आणि चढाच्या आधी दांडा सगळ्यांत खालच्या खुणेवर आणायचा. या दोन गोष्टींचा मी तुमच्या वतीनं शब्द देऊन बसलोय. माझा शब्द खाली पडू देऊ नका.*

*किल्ल्या दोन आहेत. दोन्ही तुमच्या हातात देणार आहे. एक त्याला द्यावीशी वाटली तर तुम्ही द्या. ओघळीत मुरूम त्यानंच टाकलाय, हे तुम्ही ओट्यावरून बघितलंच असेल.*

*तुम्ही फोनवर विचारलंत तेव्हा मी हसलो. त्या दिवसापासून मी पुष्कळ लोकांवर ओरडलोय. त्यातल्या बऱ्याच जणांची चूक माझ्याहून कमी होती. कुट्टीच्या दिवशी बटणापाशी मी नव्हतो, आणि या वेळीही तुमच्या हाताकडं बघायचं माझ्याकडून राहिलं. तुम्ही मला कधी त्याबद्दल बोलला नाहीत. बोलला असतात तर बरं झालं असतं.*

*इंग्रजीत या गाडीला साइड बाय साइड म्हणतात, म्हणजे शेजारी-शेजारी. चालवणार तुम्ही. शेजारची सीट माझी. कोंबडीसारखा गप बसेन.*

*वर पोचलो की मी गाडीतच थांबतो. तळ्याच्या काठावर तुम्ही जा. पाणी कुठल्या पायरीपर्यंत आहे ते बघून या आणि मला सांगा.*